हिरवी बाटली आणि हललेली देवळी

१

आडखोलच्या खाडीच्या तोंडाशी कान्हा तांडेलाने भर उन्हात, वारा पडलेला असताना, होडी सरळ नेऊन पाण्यातल्या काळ्या खडकावर, खडपावर घातली. लाकूड फुटल्याचा आवाज डॉक्टर गुप्त्यांच्या माजघरापर्यंत आला.

मऊ भाताचा घास डॉक्टरांच्या बायकोच्या, कुमुदच्या हातातच राहिला. तिने आधी ठमीला कडेवर उचललं. आवाज कुठला, कशाचा, ते नंतर. दोन वर्षांच्या लेकीच्या आईला जगातला प्रत्येक आवाज आपल्या लेकीवरच चालून येतोय असं वाटतं.

तेव्हा आडखोल म्हणजे काय होतं! कुलाबा जिल्हा म्हणायचे त्या वेळी. एसटी रेवदंड्याला येऊन दमायची, पुढे होडी नाहीतर बैलगाडी. कोळीवाडा, नारळी-पोफळीच्या चार वाड्या, डॉक्टरांचा कौलारू दवाखाना आणि संध्याकाळी वाळत्या बोंबलांचा वास. पुण्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलेल्या कुमुदला पहिले सहा महिने तो वास सोसवला नव्हता. पुढे मुंबईला बिऱ्हाड गेल्यावर मात्र बाजारात सुक्या मासळीचं दुकान दिसलं की ती उगाच घुटमळायची.

ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा होडी एका कुशीवर कलंडली होती. वल्ह्यावरचा सदा मोडका हात पोटाशी धरून कण्हत होता. आणि कान्हा, सगळ्या वाडीत ज्याच्या हाती सुकाणू दिलं की बायका निर्धास्त झोपायच्या तो कान्हा, कंबरभर पाण्यात उभा राहून किनाऱ्याकडे टक लावून पाहत होता.

"देवली हलली," तो म्हणाला. "आई जाग्यावर नव्हती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोळ्यांच्या आईची देवळी लांब, उन्हात, वाळूच्या कडेला होती तिथेच होती.

तेवढ्यात गर्दीतून कान्हाचा चुलतभाऊ बाळाजी पुढे आला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"अरं, त्याला काय इचारता! हिरवी प्यायलाय तो. हाईमकाकांची हिरवी!"

२

हाईमकाका आडखोलकर म्हणजे गावातलं शेवटचं बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, घर. वाडवडिलांचा तेलाचा घाणा कधीच बंद पडलेला; काकांनी उभं आयुष्य बोटींवर स्टुअर्ड म्हणून काढलं आणि म्हातारपणी आडखोलला येऊन ओट्यावर बसले. आता मुलं इस्राएलला गेली होती आणि काकाही निघाले होते. घरातल्या वस्तू ज्याच्या त्याच्या हवाली करत होते. घड्याळ देवळाला, पलंग दवाखान्याला. आणि स्पेनच्या बंदरातून आणलेली, वर्षानुवर्षं खिडकीत उभी असलेली ॲबसिंथ नावाच्या दारूची हिरवी बाटली? "ती दोस्तांबरोबर संपवायची," असं ते म्हणत.

त्या बाटलीच्या गोष्टी सगळ्या गावाला पाठ होत्या. तिच्यात हिरवी परी राहते. प्यायलं की ती खांद्यावर येऊन बसते. मग माणसाला नसलेलं दिसतं, असलेलं दिसत नाही. काका ती भलत्याच थाटात प्यायचे म्हणे: पेल्यावर चमचा, चमच्यावर खडीसाखर, आणि वरून थेंबथेंब थंड पाणी. दारूबंदीमुळे हे सारं दाराआड चालायचं, त्यामुळे पाहिलेलं कुणी नव्हतं आणि सांगणारे सगळे होते.

होडी फुटली त्या सकाळी कान्हा काकांचा निरोप घ्यायला गेला होता. तिथून तो समुद्रावर गेला आणि काका प्रवासाच्या कागदांसाठी दुपारच्या लाँचने मुंबईला.

"मीबी व्हतो ना तिथं," दुसऱ्या दिवशी बाळाजी दवाखान्याच्या बाकावर बसून सांगत होता. वाडीचे मुख्य आणि दोघांचे चुलते हरेश्वर पाटील शेजारी मान खाली घालून बसले होते. "मी घेतली इवलीशी. तरी होडी फुटल्याची बोंब आयली तंवर मना हिरवी बाई दिसत व्हती, मांडीवर जालं घेऊन बसलेली. ओट्यावरून उठवंना. यानं तर तीन पेले लावले!"

डॉक्टर त्याच्या बोटांना मलम लावत होते. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून लाल झाली होती.

"हे कशाने रे?"

"होडी वढताना. दोरानं कापलं."

ठमीला घेऊन दाराआड उभ्या असलेल्या कुमुदने ती बोटं पाहिली आणि ठमीचे हात आपोआप पदराखाली घेतले.

हरेश्वर पाटलांनी काकांच्या खिडकीतून उचलून आणलेली बाटली टेबलावर ठेवली. "डाक्तर, होडी माझी. सुकाणू मी कान्हाला दिलं, बाळाजी थोरला असून. पन आता त्याच्याबरं कोन पान्यात उतरंल? ऐतवारी पंच बसतील. तुमी सांगा, तो बरा होईल का?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ॲबसिंथबद्दल मी वाचलंय. फ्रान्सात चित्रकार वेडे झाले, खून पडले, म्हणून सरकारने बंदी घातली. डोक्यात शिरलं असेल तर... रविवारी तपासतो. तसाच बरळत असेल तर ठाण्याला न्यावं लागेल."

ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. दाराबाहेर कुणीतरी हुंदका दाबला. कान्हाची बायको केसर तिथेच उभी होती.

३

केसर ठमीला सांभाळायची. ठमी तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. त्या रात्री कुमुदला झोप आली नाही. ज्या घरात वेडा माणूस, त्या घरच्या हाती लेकरू द्यायचं? केसरला चार दिवस येऊ नको म्हणावं का? या विचाराची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही.

सकाळी केसर आली ती सुजल्या डोळ्यांनी. ठमी धावत जाऊन तिच्या गुडघ्यांना बिलगली.

"बाय, एक डाव येऊन बगा त्यांना," केसर म्हणाली. "वाडीतली पोरं दारात येऊन वेड्या वेड्या करतात. काल रातच्याला मना म्हनले, केसर, मी खराच येडा झालो का गो?"

कुमुद गेली. ठमीला घट्ट धरून, उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलायचं असं ठरवून.

कान्हा खांबाला टेकून बसला होता. पायाला दोर होता; तो त्याने स्वतःच बांधून घेतला होता.

"काय दिसलं तुला, कान्हा?"

"खाडीत शिराया आमची निशानी हाय, बाय. खालती पांढरी देवली, वरती डोंगरावर एकला ताड. ताड देवलीच्या डोक्यावर उभा ऱ्हायला की समोर खोल पानी. बापानं हेच शिकवलं. त्या दिशी मी ताड देवलीवर घेतला आनि सुकाणू धरला. खाली खडप निघाला. म्हंजे देवली हलली, न्हाय तर ताड हलला."

"बाकीच्यांना नाही दिसलं?"

"वल्हं मारणाऱ्याची पाठ किनाऱ्याला असते. किनारा बघतो तो तांडेलच."

"आणि ती हिरवी किती प्यायलास?"

कान्हाने कसनुसं तोंड केलं. "तीच तर गंमत. लोक म्हनतात हिरवी, हिरवी. मना तं काकांनी पांढरं पाजलं. दुधासारखं. येक पेला. बडीशेपेचा वास येत व्हता."

मागे उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. एकजण म्हणाली, "बगा! हिरवा का पांढरा तेबी उमजत न्हाय."

केसरने तोंडात पदर कोंबला. कुमुदला मात्र काहीतरी खटकलं. वेड लागलेल्या माणसाला परी दिसावी, वाघ दिसावा; बडीशेपेचा वास कसा यावा?

४

बाटली तिने कुलपात ठेवली होती. ठमीने चुकून तोंड लावलं तर, या भीतीने दिवसातून कितीदा तरी ती कुलूप ओढून बघत होती. शनिवारी सकाळी डॉक्टर रोगी बघायला बाहेर गेले आणि तिने कपाट उघडलं.

"केसर, ठमीला घेऊन अंगणात बस. मी भलतंसलतं बोलायला लागले तर हिला घेऊन थेट पोस्टमास्तरांकडे जा. माझ्याजवळ येऊ देऊ नकोस."

केसर बघतच राहिली. "बाय, आमच्या घरात येक बास झाला ना!"

पण कुमुदची एक सवय होती. ठमीच्या तोंडी जाणारं औषध असो की काढा, आधी स्वतः चाखायचं, आणि चाखायचं ते पाणी घालून. ज्या गोष्टीला सगळं गाव भ्यालं होतं ती तिने त्याच सवयीने हाताळली. पेल्यात बोटभर हिरवा रस ओतला. बुचाला बडीशेपेचा वास होता आणि त्यामागे आणखी एक कडसर, ओळखीचा. चैत्रात देवाला वाहतात त्या दवण्याची विलायती बहीण असावी.

मग तिने तांब्यातलं पाणी हळूच सोडलं.

पाणी पडलं तिथे धुक्यासारखं काहीतरी उमटलं. ते पसरत गेलं, हिरवं विरत गेलं, आणि बघता बघता पेल्यात दूध उभं राहिलं.

कुमुदने पेला उजेडात धरला. कान्हा खरं बोलत होता.

तिने डोळे मिटून घोट घेतला. कडू, तिखट, आणि मागाहून कान गरम. पेला संपवून ती खुर्चीत ताठ बसली आणि परीची वाट पाहू लागली. अंगणात कावळा ओरडला. ठमी हसली. भिंतीवर पाल होती, ती कालही होती. जिभेवर बडीशेप राहिली आणि डोकं जरा जड झालं, इतकंच.

डॉक्टर आले तेव्हा ती तशीच बसली होती.

"अहो, मी हिरवी प्यायले."

डॉक्टरांच्या हातातली बॅग खाली पडली. त्यांनी तिची नाडी धरली, पापणी वर ओढली. "कुमुद! दारूबंदी आहे, फौजदार कुणाला धरेल? मुलगी लहान आपली! काय दिसतंय तुला? समोर काय दिसतंय?"

"तुम्ही. आणि तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

डॉक्टरांनी गळ्याशी हात नेला. बटण खरंच नव्हतं.

"आता ऐका," कुमुद म्हणाली. "कान्हाने दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही वेड्याच्या म्हणून आपण सोडून दिल्या. पहिली, की हिरवी पांढरी होती. ती खरी निघाली. मग दुसरी खोटी कशावरून?"

"म्हणजे देवळी हलली?"

"ते बघायला मी चालले. ठमीला टोपी घाला."

५

देवळीपाशी सोनूबाई बोंबील वाळवत बसली होती. बांबूंच्या उभ्या वलांडीवर आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबलांच्या जोड्या. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. जीभ तिखट, नजर अधू.

"ये गो, डाक्तरीनबाय. आईच्या पाया पडाया आयलीस का नवऱ्याची औषधं चालंनात म्हनून?"

कुमुद हसून वाकली आणि तेवढ्यात ठमीने पुढे होऊन देवळीच्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकले. उचलले तेव्हा ते पांढरेफटक होते.

"ठमे! डोळ्याला लावू नकोस!" कुमुदने झडप घालून तिचे हात पदराने पुसले, सोनूबाईच्या तांब्यातल्या पाण्याने धुतले, पुन्हा पुसले. चुना! ओला नाही, पण ताजा. डोळ्यात गेला असता तर? बोटांत भरला तर कातडी सोलते—

ती तिथेच थांबली. बोटांच्या बेचक्यांत सोललेली कातडी तिने कुठे पाहिली होती ते तिला आठवलं. दोर ओढला तर तळवा कापतो. चुना कालवला तर बेचक्या भाजतात.

"सोनूबाई, देवळीला चुना कधी लावता?"

"नारली पुनवेच्या आधी. वर्साचा येकदाच."

"आता तर मार्गशीर्ष आहे."

"मंग?"

"मग हा ताजा चुना कोणी लावला?"

सोनूबाई उठली, भिंतीजवळ नाक नेलं, हात फिरवला. तिचा चेहरा बदलला. "चुन्याचा मान कान्हाच्या घराचा. तो तर घरात बसलाय. मान नसलेला हात आईला कोनी लावला?"

कुमुदने नखाने पापुद्रा काढला. पांढऱ्याखाली तांबूस ओघळ होते, चौकड्या चौकड्यांचे. जाळी टिकावी म्हणून ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवतात. त्या काढ्याचा रंग केसरच्या हातावरून ठमीच्या झबल्याला लागला की कितीही धुतला तरी जात नसे.

"होडी फुटली त्या दिवशी इथे काय होतं, सोनूबाई?"

"काय असनार? आम्ही सगल्या बाजाराला. मी जाताना बाळाजी इथं जालं वालत घालत व्हता, वलांडीवर. आनि पल्याडच्या खडपावर शीड टाकलं व्हतं त्याचं. वारा बी व्हता तवा. दुपारी पडला."

किनाऱ्यावर जाळं वाळतंय, शीड वाळतंय. यात कुणाला काय वावगं दिसणार? पण कुमुद पाण्याच्या कडेला गेली, मागे वळून उभी राहिली, आणि समुद्रावरून येणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहू लागली. देवळीसमोर वलांडीवर काळपट जाळं: देवळी झाकली. डाव्या हाताच्या खडपावर पांढरं शीड, घडी घालून देवळीएवढंच: तिथे देवळी उगवली. आणि तिच्या डोक्यावर ताड धरला तर होडी जाणार कुठे?

तिने ठमीला छातीशी आवळलं. सरळ खाडीच्या तोंडच्या काळ्या खडपावर.

६

रविवारी हरेश्वर पाटलांच्या अंगणात वाडी जमली. कान्हाला दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याआधी माझ्या मंडळींना काही विचारायचं आहे." पंचांत कुजबुज झाली. बाई माणूस, त्यातून बाहेरची. पण केसरच्या कडेवर ठमी होती, आणि ज्या घरावर वेडाचा शिक्का त्याच घरच्या बाईकडे डॉक्टरीणबाईंनी लेक दिलेली पाहून पाटील म्हणाले, "इचारा."

"बाळाजी, तू काकांकडे हिरवी प्यायलास. मग होडी फुटल्याची बोंब होईपर्यंत तिथेच ओट्यावर होतास."

"व्हय. सांगितलं ना."

"काकांनी पाणी घालून दिली की नुसतीच?"

बाळाजी ऐटीत म्हणाला, "नुसती कशी देतील? चमचा ठेवला, साखर ठेवली, थेंबथेंब पानी सोडलं. मोठा थाट त्यांचा."

"आणि पेल्यात रंग कसा होता?"

"कसा म्हंजे? हिरवागार. पोपटासारखा. शेवटच्या घोटापोत हिरवा. म्हनून तर हिरवी बाई दिसली!"

लोक हसले. कुमुदने पिशवीतून बाटली काढली, पेल्यात ओतली आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. मग पाटलांच्या हाती तांब्या दिला. "तुम्हीच घाला, पाटील."

पाटलांनी धार सोडली. हिरवं ढवळलं, फिकटलं, आणि पेल्यात दूध झालं.

"पांढरा!" केसर ओरडली. "माझ्या घोवानं सांगितला व्हता पांढरा!"

"पाणी घातलं की ही हिरवी राहतच नाही," कुमुद म्हणाली. "बाळाजीने ती फक्त खिडकीत पाहिली, चाखली नाही. मग तो ओट्यावर नव्हता, तर कुठे होता? पाटील, देवळीला ताजा चुना आहे. खाली जाळ्याचे डाग आहेत: खरी देवळी जाळ्याने झाकली आणि पल्याडच्या खडपावर शिडाची खोटी देवळी मांडली. आणि याच्या बोटांच्या बेचक्या दोराने सोललेल्या नाहीत."

पाटील उठले. त्यांनी बाळाजीची बोटं हातात घेऊन पाहिली, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आईची आन घे. सांग, तू देवलीला हात लावला न्हाय."

डॉक्टरांसमोर, पंचांसमोर बाळाजी बिनदिक्कत खोटं बोलला होता. आता मात्र त्याचे ओठ हलेनात. त्याने देवळीच्या दिशेने हात जोडले.

"जालं वाऱ्यानं उडालं, काका. वलं व्हतं. जाऊन आईच्या तोंडावर बसलं. तांबडे ओघल उठले आईवर. होडी फुटली तसं मी जालं नि शीड गुंडाललं, पन ओघल तसेच. मी तसं कसं ठेवू? रातभर झोप न्हाय... पहाटं जाऊन चुना दिला. मना वाटलं व्हतं होडी वालूत रुतंल. नुसती रुतंल, लोक हसतील, तुमी सुकाणू मना द्याल. खडपावर जाईल असं न्हाय वाटलं. मी थोरला, काका. मी थोरला ना?"

सदा आपल्या झोळीतल्या हाताकडे पाहत राहिला.

कान्हा मात्र बाळाजीकडे पाहतच नव्हता. तो कुमुदपुढे आला आणि लहान मुलासारखं विचारू लागला, "म्हंजे मी बगितला तो खरा व्हता? बाय, माझे डोले बरे हायत?"

"बरे आहेत, कान्हा. आमच्याच डोळ्यांवर झापड होती."

७

हाईमकाका मुंबईहून परतले आणि हे सगळं ऐकून ओट्यावर डोकं धरून बसले.

"परी-बिरी काही नाही रे! बंदरातले दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, मी तुम्हाला सांगितलं. गोष्टीशिवाय रिकाम्या म्हाताऱ्याकडे येतो कोण? दारूच ती. ताडीने डोकं फिरतं तेवढंच हिने फिरतं, जरा जास्त लवकर. अरे कान्हा, माझ्या थापेने तुला ठाण्याला नेत होते!"

"जाऊ द्या, काका," कान्हा म्हणाला. "निघायच्या दिशी तुम्हाला रेवदंड्याला मीच सोडनार."

बाळाजीला पंचांनी वर्षभर पाण्याबाहेर ठेवलं. पण गाव म्हणजे गाव. पटलेलं डोक्यातून पायापर्यंत उतरायला वेळ लागतो. काका निघाले त्या सकाळी पाटलांची दुसरी होडी पाण्यात लोटली, काकांची ट्रंक चढली, काका चढले, कान्हा सुकाणूला बसला. वल्ह्यावरचे चौघे वाळूतच उभे. एकाला कमरेत कळ होती, एकाचा पोरगा तापला होता. कान्हा खाली बघू लागला. खाडीबाहेर खडपांवर लाटा फुटत होत्या.

कुमुदने ते पाहिलं. तिने लुगड्याचा काठ वर खोचला, गुडघाभर पाण्यात गेली आणि ठमीला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"धर हिला, कान्हा. मी चढते. काकांना रेवदंड्यापर्यंत सोडून येऊ."

डॉक्टर किनाऱ्यावरून काहीतरी ओरडले. कान्हाने ठमीला घेतलं. पोरीने त्याची मिशी धरली.

वाळूत कुणीतरी खाकरलं. झोळीतला हात सावरत सदा पाण्यात उतरला आणि मागे वळून म्हणाला, "चला रं! डाक्तरीनबाय बसली, आनि तुमच्या कमरा दुखतात? माझा येक हात हाय, तुमचे दोन दोन हायत."

चौघेही धावत आले. होडी हलली तशी कुमुदने एका हाताने ठमी आणि एका हाताने फळी घट्ट धरली, आणि खडप मागे पडेपर्यंत ती कान्हाच्या डोळ्यांकडेच पाहत राहिली.